मदत हवी आहे: वर्गणीमोहीम आणि रेडिओवरील बातम्यांची वेळ

नमस्कार. अमेरिकेतील एका लहानशा, श्रोत्यांच्या वर्गणीवर चालणाऱ्या रेडिओ केंद्रात मी स्वयंसेवक आहे. बर्कलीच्या केपीएफए केंद्राने १९४९ मध्ये रुजवलेली ही पद्धत आजही टिकून आहे. परंतु जुलै २०२५ मध्ये अमेरिकी काँग्रेसने सार्वजनिक प्रसारणाचा दोन वर्षांचा सुमारे ११० कोटी डॉलरचा निधी रद्द केल्यापासून वर्गणीवरचा भार वाढला आहे.

मोहिमेच्या आठवड्यात सायंकाळच्या स्थानिक बातम्या मध्येच थांबवून निवेदक फोन क्रमांक सांगू लागला, की शाळा मंडळाच्या बैठकीचा वृत्तान्त अर्ध्यावर तुटतो आणि नेमका ठराव ऐकायचा राहतो. उलट, श्रोते सर्वाधिक असतात तीच वेळ सोडली तर वर्गणी घटेल, असे व्यवस्थापनाचे म्हणणे आहे, आणि ते अगदीच चुकीचे नाही. बातम्या अखंड ठेवून आवाहन आगेमागे करण्याचा अनुभव कुणाला आहे का?

दुसरे असे, की एक मराठी किराणा दुकानदार आर्थिक साहाय्यास तयार आहेत, पण त्यांना ‘चकलीवर सवलत, आजच या’ असे हवे आहे. एफसीसीच्या (अमेरिकेतील प्रसारणावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेच्या) नियमांनुसार आमच्यासारख्या अव्यावसायिक केंद्रावर अशा साहाय्यकांच्या आभारनिवेदनात किंमत, गुणगान किंवा खरेदीचे आवाहन चालत नाही. नाव, पत्ता व मालाचे साधे वर्णन चालते. माझा मसुदा त्यांना शोकसभेतल्या निवेदनासारखा वाटला (खरे तर मलाही). नियमात बसणारा, तरीही ऐकावासा वाटणारा दोन-तीन वाक्यांचा नमुना कुणी सुचवू शकेल का?