पात्राचा तपशील आधी न देता लेखी रोलप्लेमध्ये उतरणे कितपत योग्य?

अर्धविराम

गेली दोन वर्षे मी मजकुरातून चालणाऱ्या रोलप्लेमध्ये, म्हणजे प्रत्येकाने एकेक पात्र घेऊन सर्वांनी मिळून कथा लिहिण्याच्या खेळात, लिहीत आहे. आजवर ज्या ज्या गटात गेले, तिथे आधी पात्राचे पत्रक भरून द्यावे लागले: नाव, वय, रूप, स्वभाव, पूर्वायुष्य, शक्ती, उणिवा आणि शेवटी नमुन्यादाखल एक परिच्छेद. मॉडरेटरने, म्हणजे गटाची देखरेख करणाऱ्याने, ते मंजूर केले की पत्रक सर्वांसाठी खुले होते आणि त्यानंतरच पहिला प्रसंग लिहिता येतो. ही पद्धत चुकीची आहे असे मी म्हणत नाही, पण तिच्यामुळे जे हातून निसटते ते मला आता सलू लागले आहे.

मागच्या कथेत माझे पात्र जखमींवर उपचार करणारी एक बाई होती. आपल्या धाकट्या भावाच्या मृत्यूला आपणच कारणीभूत आहोत, ही गोष्ट ती कोणालाही सांगत नसे. पत्रकात मात्र ती लिहिणे भाग होते. दुसऱ्याच प्रसंगात, जिची ओळख होऊन दहा मिनिटेही झाली नव्हती अशा एका पात्राने तिला विचारले, ‘तुला भाऊ होता का?’ विचारणाऱ्या लेखकाचा हेतू वाईट नव्हता. त्याने पत्रक वाचले होते आणि वाचलेले त्याच्या मनातून जाईना, एवढेच. पण जे रहस्य हळूहळू उलगडावे म्हणून मी सहा महिने लिहिणार होते, ते त्या एका वाक्यात संपले. शिवाय पत्रकात मी तिला तापट म्हटले होते आणि प्रत्यक्ष लिहिताना ती अबोल निघाली. मग पत्रकाशी प्रामाणिक राहायचे की प्रसंगाशी, या ओढाताणीत तिचे सुरुवातीचे संवाद कृत्रिम झाले.

आता एका नव्या गटात जायचा विचार आहे. तिथे पत्रकाची सक्ती नाही, तरी बहुतेक जण ते देतात. काहीही न सांगता थेट पहिल्या प्रसंगातून प्रवेश केला तर इतरांवर अन्याय होतो का? आणि तसे करायचे असेल तर त्यांचे मी नेमके काय देणे लागते?

दीपस्तंभ

मी नऊ वर्षे एका छोट्या गटाची मॉडरेटर आहे, त्यामुळे पत्रकाच्या बाजूने प्रथम बोलते. पत्रक हे कुतूहलापोटी मागितले जात नाही. एकाच गादीचे दोन वारस येऊ नयेत, जादू नसलेल्या कथेत कोणी जादूगार आणू नये आणि एकाच पात्राच्या बळापुढे बाकीची सगळी पात्रे निरर्थक ठरू नयेत, यासाठी ते असते. ही कामे पत्रकाशिवायही होऊ शकतात, पण कोणालातरी ती करावीच लागतात.

तुमच्या प्रश्नात तीन वेगळ्या गोष्टी एकत्र आल्या आहेत, असे मला वाटते. पहिली म्हणजे जे डोळ्यांना दिसते आणि कानांना ऐकू येते: उंची, पोशाख, चालण्याची ढब, आवाज. हे लपवणे खरोखर अन्यायाचे आहे, कारण समोरच्या लेखकाला त्यावरच प्रतिसाद लिहायचा असतो. दुसरी, पात्र स्वतः ज्याविषयी बोलत नाही ते पूर्वायुष्य. ते झाकलेले राहण्यात कोणाचेही नुकसान नाही. तिसरी गोष्ट म्हणजे पात्राच्या क्षमतेची मर्यादा, आणि खरा घोळ होतो तो इथेच.

आमच्याकडे एकदा वेढा पडलेल्या किल्ल्याची कथा सुरू होती. सहा जण तीन महिने लिहीत होते. मध्येच एक लेखक पत्रकाशिवाय आला. त्याचा घोडेस्वार अतिशय सुंदर लिहिलेला होता आणि तो कुठून आला हे कोणालाच माहीत नसल्यामुळे कथेत जीव आला. मग निर्णायक रात्री, जेव्हा फाटक राखताना कोणीतरी पडणार हे सर्वांनी मनाशी धरले होते, तेव्हा त्याने लिहिले की या स्वाराला शस्त्राने जखम होतच नाही. त्याच्या दृष्टीने हे पहिल्यापासून ठरलेले रहस्य होते. इतर सहा जणांच्या दृष्टीने तीन महिन्यांच्या भीतीला, नियोजनाला आणि त्यागाला त्या क्षणी काही अर्थ उरला नाही. दोघांनी त्या आठवड्यात गट सोडला. त्यानंतर मी पुष्कळ विचार केला आणि माझे मत असे झाले की चूक लपवण्यात नव्हती. त्या शक्तीविषयी त्याने एकाही माणसाशी आधी बोलून घेतले नव्हते, ही चूक होती. मीही त्याला विचारले नव्हते, आणि तो दोष माझा आहे.

तेव्हापासून आमचा नियम असा आहे: बाकी सर्वांपासून काय लपवायचे ते लपवा, पण कथेचा तोल बिघडवू शकेल अशी प्रत्येक गोष्ट एका मॉडरेटरला खासगी संदेशात कळवा. चार-पाच वाक्ये पुरतात. झाकली मूठ सव्वा लाखाची हे खरे असले, तरी मुठीत काय आहे हे एकाला तरी ठाऊक असावे.

वाटसरू

मी जवळपास नेहमीच पत्रकाशिवाय उतरतो, म्हणून प्रत्यक्ष लिहिण्याविषयी सांगतो.

परिचय न देता येणाऱ्यांचा पहिला प्रसंग बहुतेक वेळा फसतो, कारण ते रहस्य लिहू पाहतात. ‘दारात एक गूढ आकृती उभी होती, तिच्या डोळ्यांत अनेक वर्षांचे दुःख साठले होते.’ या वाक्याला दुसऱ्याने काय उत्तर द्यावे? आकृतीविषयी त्याला काहीच कळलेले नाही आणि तिचे दुःख मात्र त्याच्यावर लादले गेले आहे. त्याऐवजी असे लिहून पाहा: ‘पावसात भिजलेला, उजव्या हाताला फडके गुंडाळलेला एक माणूस आत आला आणि पलीकडे जाणारी शेवटची होडी सुटली का, असे त्याने डाव्या हाताने पैसे मोजत विचारले.’ इथेही त्याचे नाव नाही, गाव नाही, इतिहास नाही. तरीही समोरचा लेखक हाताविषयी विचारू शकतो, होडीविषयी सांगू शकतो, पैशांवर डोळा ठेवू शकतो किंवा त्याला बसायला जागा देऊ शकतो. उत्स्फूर्त नाट्याचा सराव करणाऱ्यांमध्ये एक जुना संकेत आहे: समोरच्याने पुढे केलेली गोष्ट स्वीकारायची आणि तिच्यात भर घालायची. परिचय न देता येणाऱ्याने तर स्वीकारता येण्याजोग्या गोष्टी मुबलक पुढे ठेवल्या पाहिजेत, कारण त्याच्याविषयी दुसरे काहीच उपलब्ध नसते.

माझी एक सवय उपयोगी पडेल. मी पूर्वायुष्य आधी ठरवत नाही, पण प्रसंगात जे लिहून गेले ते लगेच वहीत उतरवून ठेवतो आणि ते माझ्यावर बंधनकारक मानतो. त्या माणसाला डावा हात वापरावा लागला असेल, तर पुढच्या भांडणात त्याचा उजवा हात अचानक बरा होणार नाही. पत्रक नसते तेव्हा आधी लिहिलेला प्रत्येक प्रसंग हेच आपले पत्रक असते आणि ते सर्वांनी वाचलेले असते.

दीपस्तंभ यांच्या अनुभवाशी मी सहमत आहे; फक्त एवढे जोडतो की जी शक्ती मी आधी कोणाला सांगितली नाही किंवा ज्या शक्तीची चाहूल आधीच्या प्रसंगांत दिली नाही, ती ऐन वेळी बाहेर काढायची नाही, हे मी स्वतःपुरते ठरवून टाकले आहे.

मोरपीस

वरच्या दोन्ही प्रतिसादांत पात्राविषयी बरेच आले आहे, पण लेखकाविषयी जे सांगायला हवे ते राहून गेले आहे आणि मला त्याची अधिक काळजी वाटते. पत्रकामुळे एक गोष्ट नकळत साधते: कथा कुठल्या दिशेला जाणार आहे याचा इतरांना अंदाज येतो. ज्या व्यक्तीला एखाद्या विषयावर, समजा मुलांवरील अत्याचारावर किंवा आत्महत्येवर, लिहिणे अजिबात सहन होत नाही, ती असे पूर्वायुष्य पत्रकात वाचून वेळीच बाजूला होऊ शकते. तुम्ही ते लपवले तर तिच्यासमोर ते थेट प्रसंगातच येईल. म्हणून पात्राचे रहस्य झाका, पण विषयाची सूचना झाकू नका. ‘माझ्या पात्राच्या भूतकाळात कुटुंबातील एक मृत्यू आहे आणि तो पुढे कथेत येईल’, एवढे सांगितल्याने तुमच्या उपचार करणाऱ्या बाईचे काहीच उघड झाले नसते.

टेबलाभोवती बसून रोलप्ले खेळणाऱ्यांनी यासाठी चांगल्या युक्त्या रुळवल्या आहेत. रॉन एडवर्ड्स यांच्या लेखनातून आलेल्या ‘लाइन’ आणि ‘व्हेल’ या दोन कल्पना मला फार उपयुक्त वाटतात. लाइन म्हणजे कथेत जे कधीच येणार नाही. व्हेल म्हणजे जे घडू शकते, पण पडद्याआड, वर्णन न करता. जॉन स्टाव्हरोपोलोस यांच्या एक्स-कार्डामध्ये तर कारणही द्यावे लागत नाही: कोणीही कार्ड दाखवले की तो भाग तिथेच सोडून पुढे जायचे. लेखी रोलप्लेमध्ये पात्राबाहेरचे बोलणे दुहेरी कंसात लिहिण्याचा प्रघात आहे. तिथेच असा थांबण्याचा संकेत ठरवता येतो.

आणि वय. असे अनेक गट ज्या ऑनलाइन गप्पांच्या व्यासपीठावर चालतात त्या डिस्कॉर्डवर किमान वयाची अट 13 वर्षांची आहे, काही देशांत ती त्याहून जास्त आहे. म्हणजे एकाच गटात शाळकरी मुले आणि प्रौढ एकत्र असू शकतात. पात्राचे वय गुप्त ठेवा हवे तर, पण लेखक प्रौढ आहे की नाही हे गटाला माहीत असलेच पाहिजे. त्यापलीकडे आपले खरे नाव, छायाचित्र किंवा पत्ता कोणालाही देण्याची गरज नाही. तसे कोणी मागत असेल तर त्या गटात न जाणेच बरे.

अर्धविराम

तिघांचेही मनापासून आभार. ‘विषयाची सूचना’ आणि ‘रहस्य’ यांतला फरक माझ्या लक्षातच आला नव्हता. एक शंका उरते: जिथे पत्रक सक्तीचे आहे तिथे खोटे पूर्वायुष्य लिहून खरे लपवले तर चालेल का? माझे पात्र स्वतःच सर्वांना खोटे सांगत असेल, तर पत्रकही तिच्याच तोंडचे मानता येईल, असे मला वाटत होते.

दीपस्तंभ

मॉडरेटरला ठाऊक असेल तर जरूर चालेल. अशी दोन पत्रके मी स्वतः मंजूर केली आहेत: एक सर्वांसाठी आणि एक माझ्यापुरते. मॉडरेटरला अंधारात ठेवून मात्र ते करू नये, कारण तिथे खोटे बोलणारे पात्र उरत नाही, लेखक खोटे बोलतो.

सविस्तर परिचयाशिवाय लेखी खेळात उतरणे ही नवी गोष्ट नाही, फार जुनी आहे, हेही सांगावेसे वाटते. रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल यांनी 1978 मध्ये एसेक्स विद्यापीठात मड हा मजकुरावर चालणारा सामायिक खेळ सुरू केला आणि पुढे त्याच वळणाची अनेक लेखी विश्वे निर्माण झाली. जेम्स अ‍ॅस्पनेस यांच्या 1989 मधल्या टायनीमडसारख्या ठिकाणी तर लढाईपेक्षा गप्पा आणि जागा रचणे यांनाच महत्त्व होते. तिथे एखाद्याकडे ‘पाहा’ अशी आज्ञा दिली की त्याने स्वतःविषयी लिहून ठेवलेले वर्णन समोर येई. अनोळखी माणूस खोलीत आल्यावर जेवढे दिसेल तेवढे त्यात पुरेसे होते. बाकीचे बोलूनच काढून घ्यावे लागे. मला आजही परिचयाचे तेच प्रमाण योग्य वाटते.

अर्धविराम

नव्या गटाच्या मॉडरेटरला पाठवायचा मजकूर असा केला आहे:

‘मी प्रौढ आहे. माझ्या पात्राचे पूर्वायुष्य मला इतरांपासून गुप्त ठेवायचे आहे. त्यात कुटुंबातील एक मृत्यू आणि अपराधीपणाची भावना आहे. अत्याचार किंवा आत्महत्या नाही. तिला कोणतीही अलौकिक शक्ती नाही. ती जखमी होऊ शकते. तिचे बाह्य वर्णन पहिल्या प्रसंगातच येईल. कोणाला विषय नकोसा वाटल्यास मी तो भाग लगेच सोडून देईन.’

वाटसरू

चांगले झाले आहे. फक्त ‘जखमी होऊ शकते’ यापुढे ती मरू शकते का, आणि मरणार असेल तर ते तुम्हाला विचारूनच लिहावे का, हेही स्पष्ट करा. मॉडरेटरचा पहिला प्रश्न बहुधा तोच असेल.