पंचायत समितीच्या बाकावर बसून राज्यसंस्था कळते का?

कोरडवाहू (धागाकर्ता)
परवा इथेच ‘आकडेमोड’ यांनी लिहिलं, की सरकारी कचेरीत वर्षभर बसून प्रबंध लिहिणं म्हणजे ‘चहा पिऊन गोष्टी सांगणं’. राज्यसंस्था (इंग्रजीत ‘स्टेट’) आणि समाजाचं नातं कळायला म्हणे हजारोंचा नमुना लागतो. दोन दिवस गप्प बसलो, आता राहवत नाही.

रोजगार हमीचंच घ्या. १९७२ चा दुष्काळ, १९७७ चा कायदा, २६ जानेवारी १९७९ पासून अंमल. काम मागा, पंधरा दिवसांत मिळेल. पुढे २००५ च्या केंद्राच्या कायद्यातही तेच पंधरा दिवस. तक्ता बघून तुम्ही म्हणणार, अमुक तालुक्यात मागणी कमी, म्हणजे गरज कमी. प्रबंधासाठी मी बसायचो त्या पंचायत समितीत अर्ज घ्यायचे, पोच द्यायचे नाहीत. ‘ठेवून जा, साहेब आले की बघू.’ कारण पोच दिली की दिवस मोजायला सुरुवात. तिसऱ्या खेपेला एक बाई कार्बन लावून दोन प्रती घेऊन आली. ठसा मारल्याशिवाय उठणार नाही म्हणाली. कारकुनाने ठसा मारला आणि तारखेची जागा कोरी ठेवली.

ती कोरी जागा तुमच्या कुठल्या रकान्यात बसते?

आकडेमोड
गोष्ट छान. पण एका कचेरीची. शेजारच्या तालुक्यात पोच मिळत असेल तर? अहो, विषयाचं नाव तुलनात्मक राजकारण आहे, त्यातली तुलना कुठाय? १९६६-६७ चा बिहार आणि १९७२-७३ चा महाराष्ट्र शेजारी ठेवा. आपल्याकडे ऐन उन्हाळ्यात सुमारे ५० लाख मजूर दुष्काळी कामांवर होते, बिहारमध्ये त्या प्रमाणात काही उभं राहिलं नाही. का? याचं उत्तर बाकावर मिळत नाही. शिवाय पोच न देणारी कचेरीच तुम्ही निवडलीत. निकाल बघून नमुना निवडला की सिद्धांत बरोबरच येतो.

कोरडवाहू
राज्यशास्त्राचा अभ्यासक जेम्स स्कॉट १९७८ ते ८० मलेशियात, केडाहमधल्या एका गावात राहिला. सत्तरेक घरं. त्यालाही सांगणार का, शेजारच्या गावात जा म्हणून?

आकडेमोड
स्कॉटने गाव बघितलं. तुम्ही बाक बघितलात.

मळेकरीण
दोघांनाही दंडवत. बिहार-महाराष्ट्राचं उत्तर मोर्चे आणि घेराव, असं सगळे म्हणतात. अर्धं खरं आहे. आमच्या गावचा पाझर तलाव हमीच्या कामातला. खडी फोडायला माझ्या आईची मावशी होती, पाणी मात्र उतरलं आमच्या विहिरींना. बागायतदाराला तलाव मिळाला, रस्ता मिळाला, वर पैसा मुंबईच्या पगारदाराच्या व्यवसाय करातून. विधानसभेत विरोध करणार कोण? समाजाने राज्यसंस्थेला वाकवलं म्हणता, तर आधी कुठला समाज ते सांगा. मावशी की आम्ही?

जुना_प्रगणक
थोडं अवांतर. मी कॉलेजात असताना सर्व्हेची कामं केलीत, फॉर्ममागे पैसे मिळायचे. प्रश्न होता: ‘तुमचा शासनावर किती विश्वास आहे? खूप / काही प्रमाणात / अजिबात नाही.’ एका म्हाताऱ्याने विचारलं, ‘कुठल्या? तलाठ्यावर का मुख्यमंत्र्यावर?’ आम्हाला सूचना होती, समजावून सांगायचं नाही, प्रश्न जसाच्या तसा पुन्हा वाचायचा. तीनदा वाचला. शेवटी ‘सांगता येत नाही’वर खूण केली. म्हाताऱ्याला सांगता येत होतं, राव. फॉर्मला ऐकता येत नव्हतं.

शुद्धलेखन_पोलीस
चूक भाषांतराची. शासन नव्हे, राज्यसंस्था. सरकार बदलतं, राज्यसंस्था टिकते. पहिल्या वर्षाला शिकवतात हे.

जुना_प्रगणक
मग जा आणि विचारा बांधावर, ‘राज्यसंस्थेवर विश्वास आहे का?’ पाणी तरी देतील का बघा.

मळेकरीण
शासन म्हणजे शिक्षाही. ‘चोराला शासन झालं पाहिजे’ म्हणतोच ना आपण. त्या म्हाताऱ्याला कदाचित तेच ऐकू आलं असेल. आणि ‘सरकार’ म्हणाल तर आमच्याकडे अजून इनामदारांच्या वाड्याला सरकारवाडा म्हणतात. माझी आजी घरातल्या थोरल्या सुनेलाही ‘सरकार’ म्हणायची, टोमणा म्हणून.

शुद्धलेखन_पोलीस
बोलीतल्या गमतीजमतींवर शास्त्र उभं राहत नाही. परिभाषा नको असेल तर पारावर बसा, विद्यापीठात कशाला येता?

जुना_प्रगणक
पारावरच बसतो. तुमच्या परिभाषेचे फॉर्म आम्हीच भरून दिले, तेही उन्हात. एसीत बसून

जुना_प्रगणक
प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे). वरचा अर्धाच गेला, तेच बरं.

नागपुरी_संत्रं
धागा राज्यसंस्थेचा होता की शब्दकोशाचा? पॉपकॉर्न संपले.

आकडेमोड
म्हाताऱ्याचा मुद्दा मान्य. प्रश्न फसला की दहा हजार उत्तरंही फसतात. म्हणून पूर्वचाचणी असते: वीस-पंचवीस घरी जायचं, प्रश्न ऐकवायचा, त्यांना काय समजलं ते विचारायचं. होय, चहा पिऊनच. झालं समाधान? पण त्यानंतर मोजावं लागतं. मावशी की बागायतदार, हे मळेकरीणताईंचं मोलाचं आहे, पण एका तलावावरून सांगता येणार नाही. दोनशे तलाव घ्या, लाभक्षेत्रात कोणाची जमीन ते सातबाऱ्यावरून काढा.

मळेकरीण
सातबाऱ्यावर नाव असणं आणि जमीन कसणं यात फरक असतो, दादा. आमच्याच एका तुकड्यावर अजून पणजोबांचं नाव आहे. पण दोनशे तलावांचं करा, मी वाचेन.

कोरडवाहू
खरं सांगायचं तर शेजारच्या तालुक्यात जायचं ठरलं होतं. शिष्यवृत्ती संपली. गाईड म्हणाले, एवढ्यावर होईल. झालंही.

मळेकरीण
ते असो. त्या कार्बनवाल्या बाईला काम मिळालं का?

कोरडवाहू
मिळालं, आठच दिवसांत. नंतर एकदा चहाच्या टपरीवर कारकूनच म्हणाला, ‘तुम्ही रोज वही घेऊन बसता, म्हणून साहेब म्हणाले देऊन टाका.’

आकडेमोड
आणि हे तुम्ही आत्ता, सतराव्या प्रतिसादात सांगताय?

कोरडवाहू
प्रबंधात तळटीप आहे.