नवीन सीझनची संघबांधणी: कोल्हापूरचा स्ट्रायकर आणायचा की आधी मागच्या जागा भरायच्या?

गोदाकाठ_११
मंडळी, पाऊस ओसरला की आपली नाशिकची फुटबॉल लीग, त्यामुळे आत्ताच बोललेलं बरं. आजच्या घडीला आपल्याकडे १७ पोरं पक्की आहेत. पहिला कीपर नोकरीसाठी पुण्याला गेला. डावा बॅक या वर्षी नाही, आणि मधला सहा नंबर (बचावाच्या लगेच पुढे खेळणारा मिडफिल्डर) गुडघ्यामुळे निदान अर्धा सीझन बाहेर. खेळ ४-३-३ च (चार बॅक, तीन मिड, तीन पुढे) राहणार, कोच बदललेला नाही.

स्टँडमधल्या जनतेला मात्र एकच हवंय: कोल्हापूरहून तगडा स्ट्रायकर. शाहू स्टेडियमच्या मॅचचे व्हिडिओ ग्रुपवर दिवसरात्र फिरतायत. स्पॉन्सर एकच आहे, त्यात वर्गणी धरली तरी बाहेरच्या एकाच खेळाडूचं राहणं-खाणं निघेल. मग तो एक कुठल्या जागेसाठी घ्यायचा? आणि बाकीच्या जागांसाठी लोकल ट्रायल घेतली तर तिच्यात नेमकं बघायचं काय?

सहा_नंबर
स्ट्रायकरचा विषय सध्या बाजूला ठेवा. गेल्या सीझनला आपण खाल्लेले गोल आठवा. बहुतेक एकाच साच्यातले होते. डावा बॅक वर गेला, बॉल हरवला, समोरच्याने तो सरळ त्या मोकळ्या जागेत टाकला. आपला डावा विंगर परत आला नाही आणि सहा नंबर सरकला नाही, म्हणून डावा स्टॉपर (मधला बचावपटू) टचलाईनपर्यंत ओढला गेला. बॉक्समध्ये उरले एक स्टॉपर आणि उजवा बॅक. क्रॉस आला, दुसऱ्या पोस्टवर रिकामा माणूस, गोल. इथे शिव्या स्टॉपरला बसतात, पण चूक त्याच्या आधी दोन माणसांनी केलेली असते.

म्हणून पहिली गरज सहा नंबरची, दुसरी डाव्या पायाच्या बॅकची.

सहा नंबर ट्रायलमध्ये ओळखणं अवघड, कारण तीस पोरं मैदानात सोडून अकरा-अकराची मॅच लावली की जो तो ड्रिबल करतो आणि आपण ड्रिबल करणारा निवडून मोकळे होतो. त्यापेक्षा २० बाय २० मीटरचा चौकोन आखा. त्यात चार विरुद्ध चार, आणि ज्याला तपासायचंय तो मधे, ज्याच्याकडे बॉल त्याच्या बाजूने. त्याला दोनच टच. चार-चार मिनिटांचे चार राऊंड घ्या, मधे दोन मिनिटं विश्रांती. त्या वेळात बॉलकडे बघू नका, त्याच्या मानेकडे बघा. पास येण्याआधी तो खांद्यावरून मागे बघतो का? बॉल घेताना अंग अर्धं उघडं ठेवतो, की पाठ करून उभा राहतो? तिसऱ्या-चौथ्या राऊंडला दम लागल्यावरही बघत असेल तर तो घ्या. नुसता धडाधड टॅकल मारणारा नको. तो दर मॅचला पिवळं कार्ड घेईल आणि तासाभराने अर्ध्या पायाने खेळेल.

डाव्या बॅकची परीक्षा सोपी आहे. स्टॉपरने टचलाईनकडे पास द्यायचा आणि दहा मीटरवरून एकाने आतल्या बाजूने दाबायला धावायचं. उजव्या पायाचा पोरगा बॉल आत वळवतो आणि थेट त्याच्या तोंडी जातो. डाव्या पायाचा पहिल्याच टचला लाईनच्या कडेने पुढे काढतो. दहा-दहा बॉल द्या, फरक डोळ्यांनी दिसेल.

डाव्या पायाचा मिळालाच नाही तर जबरदस्ती करू नका. उजव्या पायाचाच ठेवा, पण त्याला वर पाठवू नका. बॉल आपल्याकडे असताना त्याने दोन स्टॉपरच्या जवळ, आत राहायचं, म्हणजे मागे तिघे होतात. मग टचलाईन धरून राहणारा डावा विंगर लागेल आणि आत कट मारायची त्याची हौस बंद.

ग्लोव्हज
कीपर कोणी मोजलाच नाही! दोन हवेतच. तिसरा सतरा वर्षांखालचा प्रॅक्टिसला ठेवा, नाहीतर एकाचं बोट मुडपलं की आठवडाभर शूटिंग बंद.

नुसती उंची बघून घेऊ नका. गोल ७.३२ बाय २.४४ मीटरचा असतो आणि आपल्याकडे गोल जातात ते बहुतेक खाली, कोपऱ्यात किंवा रिबाऊंडवर. ट्रायलला तीन गोष्टी बघा. बॉक्समध्ये सहा जण उभे असताना दोन्ही बाजूंनी क्रॉस, त्यात तो ओरडून बाहेर येतो का. जवळून खालचा शॉट, बॉल अंगाशी धरतो की पुढे सोडतो. आणि बॉल हातात आल्यावर तो किती लवकर आणि कोणाकडे देतो.

हे तिसरं आता जास्त महत्त्वाचं, कारण जुलै २०२५ पासून नियम बदललाय. कीपरने हातात बॉल आठ सेकंदांपेक्षा जास्त धरला तर समोरच्याला थेट कॉर्नर. शेवटची पाच सेकंदं रेफरी हात वर करून बोटांनी मोजतो. १-० असताना बॉल कुरवाळत बसायचे दिवस गेले, नव्या पोराला पहिल्याच दिवशी हे सांगा.

ट्रायलच्या आधी बॉलची हवा गेजने तपासा. साईझ ५, वजन ४१० ते ४५० ग्रॅम, दाब ०.६ ते १.१ बार चालतो. आपल्या काळ्या मातीवर ०.८ च्या आसपास ठेवा, म्हणजे साधारण साडेअकरा पीएसआय. सायकलच्या पंपाने टणक फुगवलेला बॉल भेगाळलेल्या जमिनीवर कसाही उसळतो आणि चांगला कीपरही गाढव दिसतो. आणि कोरड्या ग्लोव्हजने कोणाला उभं करू नका, तळवा पाण्याने ओला करून पिळायचा, तरच लॅटेक्स धरतं. नंतर सावलीत वाळवायचे, उन्हात तडकतात.

अंबड_थर्ड_शिफ्ट
सगळं बरोबर, पण १७ हा आकडा कागदावरचा. रविवारी किती येतील ते सांगा. अंबड-सातपूरच्या कंपन्यांत जाणाऱ्यांची शिफ्ट फिरते. तिसरी शिफ्ट करून सकाळी सातला सुटलेला पोरगा दहाच्या मॅचला उभा राहील, पण साठाव्या मिनिटाला त्याचं हॅमस्ट्रिंग (मांडीमागचा स्नायू) जाईल. पथकातली पोरं विसर्जनापर्यंत संध्याकाळी प्रॅक्टिसला येत नाहीत, हे गृहीतच धरा. निफाड-दिंडोरीकडचे द्राक्षांच्या ऑक्टोबर छाटणीला गायब: छाटणी, पेस्ट, मग फवारण्या. त्यात अवकाळी आभाळ आलं की डावण्या रोगाच्या भीतीने पोरगा मॅच सोडून फवारणीच्या ब्लोअरवर बसणार आणि त्याला कोणी बोलूही शकत नाही. इंजिनिअरिंगवाल्यांच्या परीक्षा नोव्हेंबर-डिसेंबरात.

एक वही करा. उभ्या रकान्यात मॅचच्या तारखा, आडव्यात नावं, प्रत्येकाने स्वतः टिक करायची. ज्या रविवारी १६ च्या खाली जाल, त्या रविवारी कुठली जागा रिकामी पडते ते बघा. खरी भरती तिथे करायची. माझ्या अंदाजाने २२ ते २३ नावं लागतील. त्यात दोन-तीन जण दोन जागा खेळणारे असावेत, मुख्यतः उजवा बॅक आणि स्टॉपर.

आणि ‘फिफा ११ प्लस’ वॉर्मअप आतापासून आठवड्यातून निदान दोनदा. १५ व्यायाम, २० मिनिटं, खर्च शून्य. त्यातला हॅमस्ट्रिंगचा ‘नॉर्डिक’ व्यायाम सगळे टाळतात, तोच करायचा असतो.

पंचवटी_स्टँड
म्हणजे यंदाही ०-० बघायचं का राव? 😀 मागे दहा जण उभे करा, गोल मारणार कोण? एक नऊ नंबर, म्हणजे स्ट्रायकर आणा, स्टँड भरतो की नाही बघा.

सहा_नंबर
भाऊ, नऊ नंबरला बॉल पोचवणाराच नाही, तर तो आणून काय उपयोग? गेल्या सीझनला आपला स्ट्रायकर निम्मा वेळ सेंटर लाईनवर बॉल मागत फिरत होता. सध्याचा डावा विंगर उजव्या पायाचा आहे, त्याला नऊवर खेळवून बघा. पळण्याची वेळ त्याला कळते, मागे यायचा मात्र कंटाळा, आणि तिथे तो कंटाळा खपून जातो. शिवाय कॉर्नर. आपण सगळे कॉर्नर पेनल्टी स्पॉटवर उंच टाकतो. पहिल्या पोस्टवर जोरात, छातीच्या उंचीने टाका, एकाने पुढे धावून फक्त दिशा बदलायची आणि दुसऱ्या पोस्टवर दोघे तयार. दर प्रॅक्टिसला वीस कॉर्नर मारले तर फुकटात गोल वाढतील.

फाईल_क्लिप
कोल्हापूरच्या पोराबद्दल एक व्यवहाराची गोष्ट. तिकडचा सीझन हिवाळ्यात सुरू होऊन उन्हाळ्यापर्यंत चालतो आणि पेठा-तालमींची इर्षा एवढी की ऐन सीझनमध्ये स्ट्रायकर कोणी सोडत नाही. आपली लीग लांबली की तो अर्ध्यावर जाणार. एका बाजूनेच साडेचारशे किलोमीटरच्या आसपास, रविवारपुरता येणंही शक्य नाही.

बाहेरचा घ्याच, पण सहा नंबर घ्या, आणि नोकरी किंवा शिक्षणासाठी नाशिकलाच राहायला आलेला शोधा. देवळाली कॅम्पकडे आणि होस्टेलवाल्या कॉलेजांत बाहेरगावची बरीच पोरं असतात, राहण्याचा खर्चही वाचतो. डाव्या पायाची लहान पोरं हवी असतील तर सुब्रतो कपच्या शालेय मॅच बघा.

नोंदणी एआयएफएफच्या (भारतीय फुटबॉल महासंघाच्या) सीआरएस या नोंदणी प्रणालीवर ऑनलाईन होते. गोष्टी अडतात त्या अशा: आधारवर आणि जन्मदाखल्यावर नावाचं स्पेलिंग वेगळं, किंवा पोरगा जुन्या क्लबच्या नावावर अजून चालू. म्हणून ट्रायलच्या दिवशीच विचारा की आधी कुठे नोंदणी होती. जुन्या क्लबने सोडल्याशिवाय त्याला खेळवू नका. चुकीचा खेळाडू उतरवला म्हणून प्रोटेस्ट झाला की जिंकलेली मॅच हातची जाते. फिफाचा नियमही लक्षात ठेवा: एका सीझनमध्ये जास्तीत जास्त तीन क्लबांकडे नोंदणी, आणि अधिकृत मॅच त्यातल्या दोघांकडूनच. दोन ठिकाणी सह्या करून आलेला हिरो कितीही भारी असला तरी हात जोडा.

गोदाकाठ_११
पटलं. स्ट्रायकर आणायचा नाही, पैसे सहा नंबरसाठी राखून ठेवू. पंचवटीकर, तुम्ही कॉर्नरच्या प्रॅक्टिसला गोलामागे बॉल गोळा करायला या, नऊ नंबर जवळून दिसेल.

ट्रायल दोन रविवार घेऊ. पहिल्या रविवारी कीपर आणि डाव्या पायाचे, दुसऱ्या रविवारी मिड. वही उद्या ग्रुपवर टाकतो, तारखा स्वतःच भरा, दुसऱ्याने भरलेली टिक धरणार नाही. साईझ ५ चे सहा बॉल आहेत, त्यातल्या दोघांची हवा राहत नाही. कोणाकडे प्रेशर गेज आणि जास्तीची सुई असेल तर घेऊन या.