‘अभ्यास का नियम’ मराठीत कसा सांगायचा?

रामबागवाली, इंदूर

लेक इथेच बी.एड. करते आहे, हिंदी माध्यमातून. परवा रात्री मोठ्याने वाचत होती, ‘थॉर्नडाइक के सीखने के नियम : तत्परता का नियम, अभ्यास का नियम, प्रभाव का नियम.’ शेजारी मटार सोलत बसलेल्या सासूबाईंनी मान वर केली. “अभ्यासाचा नियम? म्हणजे रोज किती तास बसायचं ते का?” लेक हसली, पण मलाही पटकन नीट सांगता येईना.

आमच्या घराच्या तीन पिढ्या इंदुरात गेल्यात, त्यामुळे शब्दांची खिचडी आहे. मी ‘अभ्यास’ करायचे, लेक ‘पढाई’ करते, आणि धाकट्याचे तबल्याचे गुरुजी ‘अभ्यास करके आना’ म्हणतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे वही-पुस्तक नसतं. तर मराठीत या नियमाला म्हणायचं काय? सराव? रियाज? की अभ्यासच ठेवायचा आणि सासूबाईंनाच समजावत बसायचं?

निवृत्त बाई

महाराष्ट्रातल्या डी.एड., बी.एड.च्या पुस्तकांत ‘सरावाचा नियम’ म्हणतात आणि तेच बरोबर आहे. पुन्हा पुन्हा केल्याने शिकलेलं पक्कं होतं, हा तो नियम. मी वर्षानुवर्षं हाच शब्द वापरून शिकवलं. ‘प्रयत्न-प्रमाद’ हा मराठीतला सुंदर शब्दही थॉर्नडाइक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांमुळेच आपल्याकडे रुळला. 1898 च्या प्रबंधासाठी त्यांनी उपाशी मांजरं कोड्याच्या पेटीत ठेवली. आत दोरी ओढली किंवा खटका दाबला की दार उघडे आणि बाहेर ठेवलेलं खाणं मिळे. मांजर आधी ओरबाडायचं, चावायचं, फटींतून पंजा घालायचं, आणि चुकून कधीतरी खटका दाबला जायचा. पुन्हा पुन्हा आत ठेवल्यावर वेळ हळूहळू कमी होत गेला. डोक्यात एकदम प्रकाश पडावा तसं काही झालं नाही, म्हणून त्यांना वाटलं की मांजर विचाराने शिकत नाही, सरावाने शिकतं.

पण पुढची गोष्ट विद्यार्थी परीक्षेत लिहीत नाहीत. 1930 च्या आसपास त्यांनी स्वतःच या नियमातली हवा काढून घेतली. लोकांना डोळे मिटून ठराविक लांबीची रेघ ओढायला सांगायची, आणि बरोबर आली की चुकली हे सांगायचंच नाही. माणसं रेघांवर रेघा ओढत राहिली, सुधारणा शून्य. बरोबर की चूक हे सांगायला लागल्यावर मात्र हात नेमका होऊ लागला. म्हणजे नुसत्या पुनरावृत्तीत काही नाही, परिणाम कळायला हवा.

बडोदेकर

आमच्याकडे निराळीच गंमत. गुजरातीत ‘अभ्यास’ मराठीसारखाच, शिकण्याचा. सरावाला शब्द आहे ‘महावरो’. हिंदीतला ‘मुहावरा’ आणि हा एकच! मूळ अरबी शब्द बोलण्याचालण्याचा. हिंदीत त्याचा वाक्प्रचार झाला, बडोद्यात सराव. माझी आई पुण्याहून लग्न होऊन आली, तेव्हा शेजारणीने ‘महावरो कराववो पडे’ म्हटल्यावर तिला वाटलं, पोराला म्हणी पाठ करायला लावायच्या आहेत.

घोकंपट्टी मात्र आम्हाला तंतोतंत मिळते, ‘गोखणपट्टी’. क्रियापद ‘गोखवुं’. आपलं घोकणं आणि त्यांचं गोखवुं दोघांचंही नातं ‘घोष’शी, म्हणजे मोठ्याने म्हणण्याशी. आता मुलं ओठही न हलवता घोकतात हा भाग वेगळा.

रामबागवाली, इंदूर

बाई, मग सासूबाईंचे पाढे कशात धरायचे? त्यांना सतरा सत्ते विचारलं तर नुसतं उत्तर येत नाही. सतरा एके सतरा, सतरा दुणे चौतीस, सतरा त्रिक एक्कावन्न, सतरा चोक अडुसष्ट असं सुरातच खाली उतरावं लागतं. मध्ये दाराची बेल वाजली की पुन्हा सतरा एके. लेक म्हणते, “आजीला पहाडे याद नाहीत, गाणं याद आहे.” (‘पाढे पाठ’ म्हण म्हणून थकले. इंदुरात मराठी पोरंसुद्धा यादच करतात.)

निवृत्त बाई

लेक हुशार आहे. एक आकडा पुढच्याला ओढून आणतो, आणि मधूनच साखळी पकडता येत नाही. ही ओढ मोजायचा पहिला मोठा खटाटोप हर्मान एबिंगहाऊस या जर्मन माणसाचा. त्याचं पुस्तक 1885 चं. प्रयोग करणारा तोच आणि ज्याच्यावर प्रयोग करायचा तोही तोच. अर्थाची मदत नको म्हणून त्याने व्यंजन-स्वर-व्यंजन अशी सुमारे 2300 निरर्थक अक्षरं जमवली आणि मिनिटाला 150 ठोक्यांच्या लयीत ती म्हणत गेला. बडोदेकर, तुमचं गोखवुं शुद्ध स्वरूपात बघायचं तर इथे बघा. बायरनच्या कवितेची कडवीही त्याने पाठ करून पाहिली. तेवढ्याच लांबीच्या निरर्थक माळेला जितके श्रम लागतात त्यांच्या साधारण दहाव्या हिश्शात ती पाठ झाली.

‘विसरलो’ हाही त्याच्याकडे हो-नाहीचा मामला नव्हता. पाठ केलेली माळ पुन्हा पाठ करायला किती श्रम वाचतात, ते तो मोजायचा. वीस मिनिटांनी सुमारे 58 टक्के श्रम वाचत, एका दिवसाने 34, महिन्याने 21. पहिल्या दिवशी धाडकन घसरण आणि मग संथ उतार. आपण ‘पार विसरलो’ म्हणतो तेव्हाही थोडी शिल्लक असते, फक्त ती आठवत नाही.

तबलेवाला

गुरुजींची बाजू मांडतो. आमच्यात बोल हाताने वाजवायच्या आधी तोंडाने म्हणतात, त्याला ‘पढंत’ म्हणतात. पाठ, पढाई, पढंत सगळी ‘पठ्’ची लेकरं. म्हणजे पढाई मुळात मोठ्याने म्हणणंच! आणि संस्कृतात ‘अभ्यास’ म्हणजे पुन्हा पुन्हा करणं. अभि अधिक अस्, यातला अस् फेकण्याचा, असण्याचा नव्हे. एकाच दिशेने पुन्हा पुन्हा फेकत राहायचं. पाणिनीच्या व्याकरणात तर ‘अभ्यास’ हे धातूच्या दुप्पट झालेल्या रूपातल्या पहिल्या भागाचं नाव आहे. ददाति मधला पहिला द, तो अभ्यास. तेव्हा हिंदीवाले मूळ अर्थाला धरून आहेत, सरकलो आपण.

निवृत्त बाई

सरकलो, पण पूर्ण नाही. ‘कारण अभ्यास तुका म्हणे’ मधला अभ्यास पुस्तकी नाही, हे चौथीतल्या पोरालाही कळतं. योगसूत्रांतही अभ्यास म्हणजे टिकून राहण्याचा यत्न, आणि तो पक्का व्हायला दीर्घकाळ, खंड न पडणं आणि आदर या तिन्ही गोष्टी हव्यात असं म्हटलंय. मी वर्गात इथेच एबिंगहाऊस आणायची. बारा अक्षरांची माळ. एका दिवशी सलग 68 वेळा म्हणून जेवढा फायदा दुसऱ्या दिवशी दिसला, तेवढाच तीन दिवसांत वाटून फक्त 38 वेळा म्हटल्यावर मिळाला. रात्रभर जागणाऱ्या परीक्षार्थींना हा आकडा सांगून उपयोग होत नाही, हा माझा अनुभव.

तरीही नियमासाठी माझं मत सरावालाच. एका कारणाने. अभ्यास आपण करतो, सराव करतोही आणि आपोआप होतोही. डोळे अंधाराला सरावतात, बैल रस्त्याला सरावतो. थॉर्नडाइकच्या मांजराने अभ्यास केला असं म्हणवेल का कुणाला?

तबलेवाला

मांजराला नाही, पण माणसाच्या हाताला म्हणवेल. आमचा शब्द ‘हात बसला’. अमेरिकेतल्या त्या एच. एम. नावाने ओळखल्या गेलेल्या रोग्याचं वाचलं असेल. 1953 मध्ये झटक्यांवर उपाय म्हणून मेंदूचा भाग काढला आणि नव्या आठवणी राहीनाशा झाल्या. ब्रेंडा मिल्नर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी त्याच्याकडून आरशात बघून चांदणीच्या दोन रेघांच्या मधून पेन्सिल फिरवून घेतली. रोज त्याला वाटे हे पहिल्यांदाच करतोय, पण चुका रोज कमी. याला ‘याद नाही’ म्हणा, ‘आठवत नाही’ म्हणा, पण ‘येत नाही’ म्हणता येणार नाही. मराठीतलं हे ‘येणं’ हिंदीतही आहे, पोहणं येतं, तैरना आता है. आपण पोहणं आठवत नाही, ते येतं.

बडोदेकर

थोडं विषयांतर. पाव्हलॉव्ह या रशियन शास्त्रज्ञाचा कुत्रा खाण्याआधीची खूण कळली की खाणं नसतानाही लाळ गाळायला शिकला, त्या शिकण्याला मराठी पुस्तकात ‘अभिजात अभिसंधान’ का म्हणतात? भाषेला अभिजात दर्जा मिळाला ते ठीक, लाळेलाही?

निवृत्त बाई

पहिलावहिला, नमुन्याचा अशा अर्थी ते अभिजात, पण कानाला खटकतं खरं. पाव्हलॉव्हचा मूळ रशियन शब्द तर ‘अटीवर अवलंबून’ अशा अर्थाचा. इंग्रजीत जाताना तो बदलला आणि आपण इंग्रजीवरून घेतला. ‘सशर्त प्रतिक्षेप’ म्हटलं असतं तर कोर्टातल्या कारकुनालाही कळलं असतं. हिंदीतला ‘अनुबंधन’ मला त्यातल्या त्यात बरा वाटतो.

रामबागवाली, इंदूर

सगळ्यांचे आभार. सासूबाईंना ‘सरावाचा नियम’ सांगितला, मांजरासकट. त्या म्हणाल्या, मग मांजराला पेटी उघडता येते म्हणा की. लेकीने पेपरात हिंदीच लिहायचं ठरवलंय, ते योग्यच. आता नवा वाद, परीक्षेआधी पुन्हा एकदा सगळं वाचतात त्याला मी ‘उजळणी’ म्हणते, ती ‘दोहराना’. बडोद्यात काय म्हणता?

बडोदेकर

शाळेत ‘पुनरावर्तन’. घरात आईची उजळणीच चालते, पण तिच्या लेखी उजळणी फक्त पाढ्यांची. इतिहासाची उजळणी म्हटलं की तिला हसू येतं. तुमच्या सासूबाईंना विचारून बघा.