मदत हवी आहे: घरी रेकॉर्ड केलेल्या गजरात आवाज झांजेखाली दबतोय

पेटीवाला_कुडाळ:
नमस्कार मंडळी. आमच्या भजन मंडळाचा स्वतःचा नवीन गजर घरीच रेकॉर्ड केलाय, चतुर्थीच्या आधी यूट्यूबवर टाकायचाय, पण मिक्स काही केल्या बसत नाही. माझा आवाज झांजेच्या खाली जातो, आवाज वाढवला की झांज पण वाढते आणि कानठळ्या बसतात. हेडफोनवर पखवाज मस्त, मोबाईलवर लावला की धूम (डाव्या बाजूचा खर्ज) गायब. इक्वलायझर (खालचे-वरचे स्वर कमीजास्त करणारा), कॉम्प्रेसर (मोठा आवाज दाबणारा) सगळं लावून झालं. फाईल जोडलीय, ऐका आणि स्पष्ट सांगा, नुसतं छान आहे म्हणू नका. दिवस कमी आहेत.

रत्नागिरी_साउंड:
माइक किती, कोणते, कुठे ठेवले? सगळे एकत्र वाजलात की वेगवेगळे? हे कळल्याशिवाय काय सांगणार.

सागरकिनारा:
कंडेन्सर माइक घ्या, विषय संपला. इंटरफेसला (माइक कॉम्प्युटरला जोडायचा डबा) ४८ व्होल्टचं फँटम, म्हणजे माइकला वीज द्यायची सोय, आहे का तेवढं बघा. मी घेतल्यापासून आवाजातला बारीक श्वाससुद्धा येतो.

देवगडकर:
श्वास येतो तसा कौलांवरचा पाऊस पण येतो की. चिऱ्याच्या उघड्या भिंती, बाहेर पावसाची सर, त्यात कंडेन्सर कशाला? साधा डायनॅमिक घ्या, तो लांबचं कमी पकडतो, तोंडापासून चार बोटांवर धरून गा.

सागरकिनारा:
खोलीत गोधड्या टांगल्या की झालं. डायनॅमिकवर माझा आवाज कोंदट येतो, वापरून बघितलाय.

आबा_मालवण:
रे बाबा, आधी पखवाज नीट लाव. पावसाळ्यात पुडी (कातडा) ढिली पडता, शाईची बाजू चढवन घे आणि धुमेक ताजी कणीक लाव. सुरातच नाय तर मिक्स करून काय होतला?

पेटीवाला_कुडाळ:
आबा, पखवाज सुरात आहे, प्रश्न आवाजाचा आहे. माइक दोन, दोन्ही डायनॅमिक, एक माझ्यासमोर आणि एक पखवाजाला. सगळे एकाच खोलीत, झांजवाला माझ्या शेजारीच.

रत्नागिरी_साउंड:
मग झांज तुमच्या आवाजाच्या ट्रॅकमध्येच शिरलीय, म्हणून दोन्ही बरोबर वाढतात. शब्दांची धार साधारण २ ते ५ किलोहर्ट्झला असते आणि झांजही तिथून वर कडाडते, त्यामुळे इक्वलायझरने झांज कापली की शब्दही बोथट होतात. कॉम्प्रेसरने तर अजून वाट लागते, शब्द संपला की तो सोडतो आणि मागची झांज उसळून वर येते. दुसऱ्या कडव्यात ओळीच्या शेवटी ऐका, तुमचा सूर विरतो तिथे झांज अचानक पुढे येते. चाल सुंदर आहे बुवा, कोरस उचलतो ती जागा तर फारच, म्हणून सांगतो, परत रेकॉर्ड करा. आधी पेटी, पखवाज, त्यावर हेडफोन लावून आवाज, शेवटी झांज आणि कोरस. हेडफोन वायरचाच हवा, ब्लूटूथचा मागे पडतो.

आबा_मालवण:
असा तुकड्यातुकड्यान गावलेला भजन नाय म्हणत. बुवा आणि कोरस समोरासमोर होयेत, तेव्हाच गजर चढता.

पेटीवाला_कुडाळ:
आबांचं पटतं, आमचीही मजा एकत्र वाजवण्यातच आहे. एकत्र राहून काही होईल का?

रत्नागिरी_साउंड:
होईल. झांजवाल्याला तुमच्या माइकच्या पाठीमागे आठ-दहा फुटांवर उभा करा, कार्डिऑइड (समोरचं जास्त पकडणारा) माइक मागचं कमी घेतो. तुम्ही माइकच्या जवळ या. सगळ्यात मोठा आवाज रेकॉर्डिंगच्या मीटरवर उणे १२ ते उणे ६ डेसिबलमध्ये राहील एवढाच गेन (माइकची पातळी) ठेवा. मग आवाजावर ८०-१०० हर्ट्झच्या खालचं कापा आणि ३०० च्या आसपास दोन-तीन डेसिबल कमी करा, कोंदटपणा जाईल. पखवाजाची धूम मोबाईलच्या एवढ्याशा स्पीकरला झेपतच नाही, खालचं वाढवून उपयोग नाही. थोडं सॅच्युरेशन (आवाज किंचित फाडणारा इफेक्ट) द्या, वरचे स्वर तयार झाले की कानाला धूम जाणवते.

कोकणकन्या_८८:
व्हिडिओत समईचा फोटो घाला, लोक लगेच क्लिक करतात.

देवगडकर:
पट्टी (गाण्याचा मूळ सूर) काळी चार आहे ना? वरच्या जागी आवाज ताणला जातोय, एक पट्टी खाली घेऊन बघा.

पेटीवाला_कुडाळ:
पट्टी बदलणार नाही, कोरसच्या पोरांना तीच बसलीय. झांज पडवीत दाराशी उभी करून चालेल का? तिथून आम्ही एकमेकांना दिसतो.

रत्नागिरी_साउंड:
उत्तम. फक्त पाऊस थांबल्यावर घ्या, पडवीत पागोळ्यांचा आवाज येईल. यूट्यूब मोठा आवाज साधारण उणे १४ लफ्सवर (सरासरी मोठेपणाचं माप) खाली आणतं, तेव्हा लिमिटरने (शिखरं दाबणारा) दाबून मोठं करू नका. आणि इथे एमपी३ नको, २४ बिटची वेव्ह फाईल टाका, म्हणजे नीट ऐकता येईल.