खंदकात मोडलेल्या शिपायांना ‘नाटकी’ म्हणणाऱ्यांसाठी

रानवाटा
काल इथे एका सद्गृहस्थांनी लिहिलं की पहिल्या महायुद्धातला शेल शॉक (तोफांच्या माऱ्याखाली माणूस मनाने मोडणं) म्हणजे थोतांड, ते सगळे कामचुकार शिपाई, डॉक्टरकडून सर्टिफिकेट मिळवलेले, आणि ‘आपली माणसं असली थेरं करत नव्हती’. वर लाइक्सचा पाऊस. राहवलं नाही म्हणून वेगळा धागा काढतोय, लांबेल, कंटाळा येणाऱ्यांनी पुढे सटका.

मुळात हा शूर की भित्रा असा मामलाच नाहीये. समोरासमोर धावून जाणाऱ्याला निदान काहीतरी करता येतं. खंदकातल्याने काय करायचं? तोफा मैलोन्‌मैल लांब, गोळा कुठे पडेल पत्ता नाही, पळायचं नाही, मारायला समोर कोणी दिसत नाही, गुडघाभर चिखल, पाय कुजतायत, उवा, उंदीर, आणि हे तासन्‌तास. स्कॉटलंडमधल्या क्रेगलॉकहार्टला शेल शॉकवाल्या ब्रिटिश अफसरांचं इस्पितळ होतं, तिथले ते डॉक्टर रिव्हर्स, त्यांनी नोंदवलंय की बलूनमध्ये टांगून घेऊन टेहळणी करणारे फार कोलमडायचे, विमान उडवणारे त्यामानाने कमी. वैमानिकाच्या हातात काहीतरी असतं, बलूनवाला नुसता वाट बघतो कधी कोण फोडतंय त्याची. खंदकातला शिपाईही तसाच.

आणि तो ब्रिटिश शिपाई, हॅरी फार नावाचा. शेल शॉकसाठी पाच महिने इस्पितळात काढलेला माणूस, परत आघाडीवर पाठवला, १९१६ मध्ये पुढे जायला नाही म्हणाला तर भित्रा ठरवून गोळ्या घातल्या. माफी २००६ मध्ये. घ्या आता.

कडक_चहा
ते ‘सद्गृहस्थ’ म्हणजे मी, नाव घ्यायला लाजू नका. रडगाणं छान जमलंय, आता हिशोब बघा. ब्रिटिशांनी तीन हजारांवर मृत्युदंड सुनावले, दहातले जवळपास नऊ अमलात आणलेच नाहीत, कुठे गेला तुमचा राक्षस? आणि कोणी चार वर्षं सलग पुढच्या खंदकात बसलेलं नव्हतं, काही दिवस पुढे, मग सपोर्टला, मग मागे आराम, फुटबॉलसुद्धा खेळायचे. लाखो लोक परत आले, नोकऱ्या केल्या, संसार केले. आणि आता आमच्या टीममधला पोरगा अप्रेजलनंतर आठवडाभर ‘मेंटल हेल्थ’वर. याला पण बलूनमध्ये बसवला होता का?

रानवाटा
अप्रेजल कुठून घुसलं मध्ये? ते नऊ सुटून घरी गेले असं वाटतंय का तुम्हाला? १९१५ पासून शिक्षा स्थगित ठेवायचा कायदाच होता, म्हणजे उचलायचं आणि परत तोफेच्या तोंडी. दया म्हणे.

माणदेशी
‘आपली माणसं थेरं करत नव्हती’ हे कुणी लिहून ठेवलंय? माझे पणजोबा पलटणीत, तिकडं इराकात कुतच्या वेढ्यात अडकले, मग तुर्कांच्या कैदेत, तिथनं जिवंत आले हेच नवल. आजी सांगायची, गावात कुणाच्या विहिरीला सुरुंग लावायचे म्हटलं की हा माणूस आदल्या दिवशीच पाव्हण्याकडं निघून जायचा. ताकाचं भांडं दोन्ही हातानं धरायचा. लोक हसायचे, पलटणवाला सुरुंगाला भितो. पेन्शनच्या कागदावर यातलं काही नाही. कुणी विचारलंच नाही तर थेरं दिसणार कुठं साहेब?

कडक_चहा
तुमच्या पणजोबांबद्दल आदर आहे, पण कुत म्हणजे वेढा, खंदकयुद्ध नव्हे. विषय सोडू नका.

इतिहास_बितिहास
अहो वेढा असला तरी बसले कुठे होते, झाडावर? तैग्रीसच्या वळणात गाव, त्याच्या तोंडाशी आडवे खंदक खणून डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६. पुणे डिव्हिजन होती ती, १०३, ११० आणि ११७ अशा तीन मराठा पलटणी. फ्रान्समध्ये तर हिंदी शिपायाला हातावर गोळी लागली की स्वतःच मारून घेतली असा संशय. बरा झाला की परत आघाडीवर, पत्रं सेन्सॉर. तेव्हा नोंदी नाहीत म्हणून रोग नाही, हे तर्कशास्त्र तुमच्यापाशीच ठेवा. अवांतर: कुतमध्ये आपल्यातल्या बऱ्याच जणांनी घोड्याचं मांस खायला शेवटपर्यंत खळखळ केली आणि स्कर्व्हीने खंगले. हट्टीपणा नडला, हेही सांगा की.

माणदेशी
हट्टीपणा?? गावात परत जायचंय, पोरींची लग्नं करायचीत, उद्या भावकी पंगतीला बसू देणार नाही ही भीती होती त्यांना. एसीत बसून म्हणे हट्टीपणा.

नाचणीची_भाकरी
कुतचा मुद्दा निघालाच आहे तर अर्धवट सांगू नका. गोऱ्यांना पांढऱ्या पिठाचा पाव मिळायचा, त्यांना बेरीबेरी झाला. आपल्या लोकांना आटा मिळायचा, त्यांना झाला नाही! पुढे गोऱ्यांनाही जाडंभरडं पीठ द्यायला लागले आणि बेरीबेरी ओसरला. शंभर वर्षांपूर्वी सिद्ध झालंय की मैदा विष आहे आणि आपण पोरांना डब्यात बिस्किटं देतोय.

इतिहास_बितिहास
ताई, मैदा विष नाही, त्यात बी वन जीवनसत्त्व नव्हतं, बेरीबेरी त्याने. स्कर्व्ही ताज्या भाज्या नाहीत म्हणून. दोन वेगळ्या गोष्टी.

नाचणीची_भाकरी
म्हणजे मी काय वेगळं म्हटलं? पॉलिश केलेलं खाऊ नये. तुमच्या घरी ब्रेडच येत असेल म्हणून झोंबलं.

कडक_चहा
चालू द्या भाकरी. शेल शॉकचं सगळे सोयीस्करपणे विसरले.

सुभेदार_निवृत्त
मी बर्फातल्या पोस्टवर ड्यूटी केलेली आहे. तिथे मोजे काढून पाय बघायचा ऑर्डर असतो, जवानाचे पाय बिघडले तर जाब सीनियरला. हे पहिल्या महायुद्धातल्या त्या ट्रेंच फूटमधूनच, म्हणजे ओल्या खंदकात पाय कुजण्यातूनच, शिकलेलं. पहिल्या हिवाळ्यात हजारोंचे पाय गेल्यावर मग व्हेलचं तेल, कोरडे मोजे, ऑफिसरने रोज तपासणी, आणि प्रमाण खाली आलं. चहावाले साहेब, पाय कुजलेल्याला कोणी भित्रा म्हटलं नाही, कारण कुजलेलं दिसत होतं. डोक्याची तपासणी कोण करणार होतं? आमच्या वेळीही ‘झोप लागत नाही’ असं वर सांगायची सोय नव्हती, मेडिकल कॅटेगरी खाली आली की प्रमोशन गेलं. मी पण नाही सांगितलं.

कडक_चहा
सुभेदार साहेब, तुमच्यापुढे वाद घालणार नाही. ठीक आहे, पोस्टमधलं ‘सगळे’ काढून ‘काही’ करतो. पण अप्रेजलवाल्या पोराला शेल शॉकच्या रांगेत बसवणार नाही म्हणजे नाही.

रानवाटा
त्याला रांगेत कोणी आणला? तुम्हीच! आणि ‘थेरं’ तसंच ठेवलंय अजून, आत्ताच बघून आलो.

नाचणीची_भाकरी
मैद्याचा वेगळा धागा काढलाय. ज्यांना खरंच चर्चा करायचीय त्यांनी तिकडे या.