मदत हवी आहे : व्हर्जिनिया संघराज्यातून नेमके कशासाठी फुटले?

नमस्कार. अमेरिकन यादवी युद्धाच्या कारणांवर आमच्या अभ्यासगटासाठी टिपण लिहीत आहे आणि एका मुद्द्यावर गाडी अडली आहे. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

गटातील एका ज्येष्ठ सदस्यांच्या मते गुलामगिरी हे केवळ निमित्त होते. खरे भांडण आयात जकातीचे आणि घटक राज्यांच्या हक्कांचे. संघराज्यातून आधी बाहेर पडलेल्या दक्षिणेतील सात राज्यांपुरते तरी हे मत टिकत नाही. साउथ कॅरोलायनाने २० डिसेंबर १८६० रोजी संघराज्य सोडले आणि चारच दिवसांनी त्याची कारणे सांगणारा जाहीरनामा काढला, त्यात जकातीचे नावही नाही. तक्रार आहे ती उत्तरेकडील राज्ये पळून आलेले गुलाम परत करत नाहीत याची, आणि गुलामांना बरोबर घेऊन न्यूयॉर्कमधून नुसते पुढे जाण्याची मुभाही तेथील न्यायालयांनी मालकांना नाकारली याची. म्हणजे उत्तरेच्या राज्यांनी आपले हक्क बजावले, हेच तर यांचे दुखणे! मिसिसिपीने कोणताही आडपडदा न ठेवता आपली भूमिका गुलामगिरीशी पूर्णपणे निगडित असल्याचे लिहून दिले. जकात वाढवणारा मॉरिल कायदा २ मार्च १८६१ रोजी झाला, तोवर सातही राज्ये बाहेर पडली होती. त्यांचे सिनेटर निघून गेल्यामुळेच तो मंजूर होणे सोपे गेले. दक्षिणेतील फुटलेल्या राज्यांच्या नव्या राज्यघटनेत संरक्षक जकातीला मनाई होती, एवढे मात्र ज्येष्ठांच्या बाजूने मान्य करायला हवे. (गुलामांवरील मालकी हक्काला बाधा आणणाऱ्या कायद्यालाही त्याच घटनेत मनाई होती, ते मात्र ते सांगत नाहीत.)

खरी अडचण पुढची आहे. रिचमंडमध्ये भरलेल्या व्हर्जिनियाच्या अधिवेशनाने ४ एप्रिल १८६१ रोजी फुटण्याचा प्रस्ताव मोठ्या बहुमताने फेटाळला. १२ एप्रिलला साउथ कॅरोलायनातील फोर्ट समटर या संघराज्याच्या ताब्यातील किल्ल्यावर दक्षिणेने तोफा डागल्या, १५ एप्रिलला लिंकन यांनी बंड मोडण्यासाठी राज्यांकडे ७५,००० सैनिक मागितले आणि १७ एप्रिलला त्याच अधिवेशनाने फुटण्याच्या बाजूने कौल दिला. आर्कान्सा, टेनेसी आणि नॉर्थ कॅरोलायना ही राज्येही त्यानंतरच गेली. गुलामगिरी ४ एप्रिललाही तेवढीच होती. शिवाय ती जेथे आहे तेथे आपण तिला हात लावणार नाही, असे लिंकन यांनी ४ मार्चच्या भाषणात स्पष्ट सांगितले होते. दक्षिणेतल्या शेजाऱ्यांवर शस्त्र धरण्याची सक्ती झाली म्हणून व्हर्जिनिया गेले, या ज्येष्ठांच्या युक्तिवादाला माझ्याकडे नेटके उत्तर नाही.

माझा कल असा की, सैन्याची मागणी हे तात्कालिक कारण आणि गुलामगिरी हे मूळ कारण मानावे. १८६० च्या जनगणनेनुसार व्हर्जिनियात जवळजवळ ४ लाख ९१ हजार गुलाम होते, इतर कोणत्याही राज्यापेक्षा अधिक. राज्याच्या डोंगराळ वायव्य भागात गुलाम फारच थोडे होते. सैन्याची तीच मागणी तिथेही पोहोचली होती, तरीही त्या भागाने फुटण्यास विरोध केला आणि १८६३ मध्ये वेस्ट व्हर्जिनिया हे वेगळे राज्य पदरात पाडून घेतले. परंतु केंटकी, मेरीलँड, मिसुरी आणि डेलावेअर या राज्यांत गुलामगिरी असूनही ती संघराज्यातच राहिली, तेव्हा माझे हे सूत्र अपुरे पडते की काय, अशी शंका येते. डेलावेअरमध्ये गुलाम दोन हजारांहूनही कमी होते, त्यामुळे त्याचे समजते. केंटकीत मात्र ते सव्वादोन लाखांच्या आसपास होते.

केंटकीचे थांबणे कसे समजावून सांगावे? तसेच मिसिसिपी, जॉर्जिया आणि साउथ कॅरोलायना यांनी व्हर्जिनियाचे मन वळवण्यासाठी फेब्रुवारी १८६१ मध्ये पाठवलेल्या प्रतिनिधींची भाषणे आणि एप्रिलमधील चर्चेचा वृत्तांत कोणी मुळातून वाचला आहे का? त्या दोन मतदानांच्या मधल्या दिवसांत बाजू बदलणाऱ्या सदस्यांनी स्वतः कोणती कारणे दिली, हे मला विशेष करून हवे आहे. इंग्रजी साधने चालतील.